मुठीचं गाडगं

९ जानेवारी १९५५, रविवार

माझी लेक फिबी उभी राहिली. भर देवळात!

पाळकसाहेब विचारत होते — आफ्रिकेत टांगानिकाला मिशनच्या दवाखान्यात नर्स पाहिजे, गोऱ्या मुलखातून माणसं येण्याची वाट आता बघायची नाही, आपल्या मंडळीतून कोणी जाईल का. असं ते दरवर्षी विचारतात. दरवर्षी सगळे खाली माना घालतात, गाणं म्हणतात आणि घरी जाऊन जेवतात. यंदा माझ्या शेजारचा पदर हलला. वाटलं खोकला आला, बाहेर चालली. तर ही उभी!

सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. मी समोरच्या बाकाला पडलेली भेग बघत बसले.

१० जानेवारी

बोलले नाही तिच्याशी. भाकरी वाढली. कोरड्यास वाढलं. जेवली मात्र चांगली. पोटात भूक लागते तरी कशी अशा वेळी?

१२ जानेवारी

दोष माझाच. कुणाला सांगू?

मुठीचं गाडगं मीच सुरू केलं इथं. अकरा वर्षं झाली. दळण करायच्या आधी घरातल्या माणसागणिक एक मूठ जवारी बाजूला काढायची, गाडग्यात टाकायची. सुगीच्या रविवारी ती देवापुढं ओतायची. ते धान्य बाहेरदेशी जाणाऱ्या सेवकासाठी. औरंगाबादच्या छावणीतल्या सगळ्या ख्रिस्ती घरांत मी फिरते. गाडगं हलवून बघते. हलकं लागलं की सुनांना त्यांच्या सासवांसमोर बोलते. मला भितात सगळ्या.

आणि प्रार्थनाही माझीच, दर बुधवारी, बायकांच्या सभेत — प्रभू, आमच्यातून कोणाला तरी पाठव. अकरा वर्षं! कोणाला तरी म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी लेकराला. देवाला एवढं कळू नये?

१६ जानेवारी

मी स्वयंपाकाला असते त्या मिशनच्या बोर्डिंगच्या शाळेत भिंतीवर नकाशा आहे. भाकऱ्या झाल्यावर हात धुऊन गेले. मुलींनी दाखवलं. औरंगाबाद ते मुंबई — करंगळीचं नख पण मावत नाही. मुंबई ते टांगानिका — अख्खी वीत. मधी सगळं निळं.

मी पडेगावाहून छावणीत आले लग्नानंतर, तर माझी आई आठ दिवस रडली होती. पडेगाव! चालत जाऊन दुपारी परत येता येतं.

१९ जानेवारी

कमरोद्दीनच्या हॉटेलात रेडिओ लागलेला. दूध आणायला गेले तर आफ्रिकेचं चाललं होतं. लोक रानात लपून बसतात, घरात शिरून माणसं कापतात. कमरोद्दीन म्हणाला, तिकडं लई गडबड आहे बाई.

फिबीला सांगितलं. म्हणते ते केनिया, आपलं टांगानिका. आपलं! गेली नाही अजून तर आपलं झालं. नकाशावर बघितलं परत. दोन्ही चिकटून आहेत.

२७ जानेवारी

पुण्याच्या कचेरीतून साहेब आला होता. फिबीला तासभर विचारलं. पाळकसाहेब म्हणाले, पंधरा दिवसांत पत्र येईल. निवड झाली की मे महिन्यात बोट.

माझ्याजवळ आहे काय? माझा नवरा, सांडू, गेला पोलिस ॲक्शनच्या साली, पटकीनं. रस्ते बंद, डॉक्टर येईना. धाकटं लेकरू त्याच्या आधीच गेलं. ही एक. सांडूच्या उशाशी बसून तिनं ठरवलं, नर्स व्हायचं. मला लई कौतुक वाटलं होतं. तेव्हाच एक थोबाडीत द्यायची होती.

४ फेब्रुवारी

पत्र आलं.

बोर्डिंगचं टपाल गठ्ठ्यानं स्वयंपाकघराच्या दारात येतं, आमचंही त्यातच, कारण मी तिथं कायम असते. लांबट पाकीट, वर पुण्याचा शिक्का. मधी तिचं नाव. इंग्रजीत, पण तिचं नाव कळतं मला, तिच्या परीक्षेच्या कागदावर बघितलेलं. मिशनच्या गोऱ्या मडमसाहेबांनी मला मराठी अक्षरं शिकवली, मार्काचं शुभवर्तमान बोट ठेवून वाचते मी. इंग्रजी येत नाही. पण जाड पाकीट आहे. नाही म्हणायला एवढे कागद लागत नाहीत.

चुलीत घालणार होते. हात पुढं गेला. पाकिटावर एका कोपऱ्यात क्रूस छापलेला. तो जाळायचा कसा?

घरी आणलं. मुठीच्या गाडग्यात खाली घातलं, वर जवारी. त्या गाडग्यात माझ्याशिवाय कोणी हात घालत नाही.

९ फेब्रुवारी

आज तिनं पोस्टमनला दोनदा विचारलं.

१४ फेब्रुवारी

पंधरा दिवस उलटले. ती दवाखान्यातून आली, चप्पल काढली नाही, तशीच बसली. म्हणाली, "आई, देवानं मला नको म्हटलं गं. माझ्यातच काहीतरी कमी आहे."

मी कांदा चिरत होते. म्हटलं, कांदा बारीक हवा का जाड.

काय बाई आहे मी!

१७ फेब्रुवारी

जेवत नाही आता. मी हेच मागितलं होतं ना — राहावी म्हणून. राहिली आहे. वाळत चालली आहे.

मुठी रोज काढते. दोन. एक तिची, एक माझी. वर पडते जवारी, खाली ते दबतंय.

१९ फेब्रुवारी, शनिवार

उद्या सुगीचा रविवार. सकाळी उठल्याबरोबर पाकीट काढून धान्याच्या कणगीमागं ठेवायचं. मग गाडगं देवळात. विसरायचं नाही. विसरायचं नाही.

२० फेब्रुवारी, रविवार

झुंजुमुंजू होताना बोर्डिंगची पोरगी पळत आली — चाळीस जणांचं जेवण आहे, डाळ लागली खाली, लवकर चला. तशीच गेले. डाळ दुसरी टाकली. वांगी चिरली. देवळाची घंटा वाजली तेव्हा हात पिठात आणि एकदम आठवलं. पळाले. पिठाच्या हातानं पळाले. छावणीच्या रस्त्यानं लोक बघत होते.

देवळात पोचले तर फिबी पुढं उभी, गाडगं हातात. मी आले नाही म्हणून तिनं घरून आणलं. आईची मूठ चुकू नये म्हणून.

पांढऱ्या चादरीवर भोपळे, शेंगा, ऊस, कोणाची तरी पाय बांधलेली कोंबडी. फिबीनं गाडगं उलटं केलं. जवारी पडली. पडता पडता अडली. तिनं बुडाला थाप मारली. आणि पाकीट पडलं. चादरीवर. सगळ्यांसमोर.

भागूबाई पहिल्याच बाकावर, घरोघर वचन वाचून दाखवणारी बायबलबाई ना ती. तिनं वाकून बघितलं.

फिबीनं पाकीट उचललं. वरची तारीख बघितली. मागं वळून मला शोधलं — मी दारात. बघितलं फक्त. मग पाकीट बायबलात घातलं, जागेवर जाऊन बसली आणि गाणं म्हणाली. सगळी कडवी.

उपासनेनंतर सगळ्या अर्पणाचा लिलाव होतो, त्यात आमचं गाडगं कोणी घेतलं नाही. रिकामंच उचलून घरी आणलं.

२१ फेब्रुवारी

वाचून दाखवलं तिनं. उभ्यानंच, चुलीजवळ. एक ओळ इंग्रजी, एक ओळ मराठी.

निवड झाली आहे. पण कमिटीचा नियम — बिनलग्नाची मुलगी, एकुलती, विधवेची. आईची राजीखुशी पाहिजे. आईच्या हातानं लिहिलेली. मराठी चालेल. आईची इच्छा नसेल तर मिशन तिला नेणार नाही, आणि मुलीकडं दोष धरणार नाही. कागद वीस मार्चच्या आत पुण्याला पोचावा.

मी पाट ओढून बसले.

फिबी म्हणाली, "तू नुसतं नाही म्हणाली असतीस, तरी झालं असतं. मला काय वाटत होतं ते तुला दिसत होतं की."

पाकिटावर नाव तिचं, पण ते पत्र तर मलाच होतं.

तिनं एक कोरा कागद जात्यावर ठेवला आणि ड्यूटीवर गेली.

२४ फेब्रुवारी

बुधवारच्या सभेला काल गेले नाही तर भागूबाई आज दारात. "व्हय गं मनकर्णा, अकरा वर्षं आमच्या सुनांची गाडगी हलवून बघितलीस, तुझ्यात मातर कागद निघाला." वर हसली.

म्हटलं, तुझ्या तीन पोरांतला एक दे की! तर म्हणते, माझी उभी राहिली नाहीत बाई, तुझी राहिली.

बोलण्यात मी कधी हरत नाही. आज दार लावून घेतलं.

२७ फेब्रुवारी

पाळकसाहेबांना सांगून टाकलं. नाही. लिहून देते — नाही. ते म्हणाले, बरं. एवढंच. एखादं वचन तरी तोंडावर मारतील असं वाटलं होतं, मी उत्तर तयार ठेवलं होतं.

फिबीलाही सांगितलं. बरं आई, म्हणाली. माझं लुगडं वाळत होतं, ते घडी करून ठेवलं.

ओरडत का नाही कोणी माझ्यावर?

२ मार्च

कागद अजून जात्यावर. दळताना बाजूला ठेवते, दळून झालं की परत वर ठेवते. पिठानं पांढऱ्याचा पांढरा झाला.

५ मार्च

मडमसाहेबांकडं चहा घेऊन गेले. सत्तरीच्या झाल्या. मला बाळंतपणात वाचवलं ते त्यांनीच. फिबीला पहिल्यांदा हातात घेतलं ते पण त्यांनीच.

आज मनात आलं तसं विचारून टाकलं — तुम्ही निघालात तेव्हा तुमची आई काय म्हणाली? वीस वर्षं त्यांच्यापुढं चहा ठेवतेय, हे कधी विचारलं नव्हतं. त्यांना आई असेल हेच डोक्यात आलं नव्हतं.

मडमसाहेबांनी कप बशीत ठेवला. मग म्हणाल्या, "फाटकापर्यंत आली. माझी कॉलर नीट केली. थंडी आहे म्हणाली." पुढं म्हणाल्या, परत भेट झाली नाही.

मला राग आला. कोणाचा ते कळलं नाही. त्या बाईनं तेव्हा पत्र दडवलं असतं तर? तर मी बाळंतपणात गेले असते, आणि फिबी पण.

असलं काही विचारायलाच नको होतं.

९ मार्च

शेजारच्या नजमुन्निसाकडं साखर मागायला गेले. तिचा थोरला पोलिस ॲक्शननंतर कराचीला गेला. दोन वर्षांनी एक खत येतं. बसले आणि सगळं सांगितलं — पत्र दडवलं तेही. मुसलमान बाई, मला वाटलं हिला आमच्या मिशनचं काय. निदान ही म्हणेल, अच्छा किया.

ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही. "मेरा छोरा मेरेकू पूछ्याच नै मनकर्णा. एक दिन उठ्या, चले गया. तेरी तो तेरे हाथ का कागद मांग री." मग खडा काढून फेकला. "मेरेकू पूछ्या होता तो मैं खाना बांधके देती."

साखर तिथंच विसरून आले.

१२ मार्च

लिहायला बसले. नाही असंच लिहायचं होतं. 'मी मनकर्णाबाई सांडू' इथपर्यंत आलं. पुढं हात अडला. कागद फाडला. दुसरा घेतला. तोही फाडला. फिबीनं विचारलं, वही संपली का, दुसरी आणू? म्हटलं, गप बस.

विंचू चावला तर तिथं कोण उतारा देईल? जवारी मिळते का? ती झोपेत पांघरूण फेकते, परत कोण घालेल?

१४ मार्च, सोमवार

सकाळी ती अंघोळीला गेली तेव्हा लिहिलं. जात्यावरच्या कागदावर, पीठ झटकून. 'फिबी माझी मुलगी. तिला मी पाठवते.' खाली पूर्ण नाव. अंगठा नाही.

सुगीच्या रविवारपासून मूठ टाकली नव्हती, गाडगं रिकामं होतं. कागद त्यात ठेवला. आजच्या दोन मुठी वर टाकल्या आणि तिला हाक मारली — आज गाडगं तू बघ.