चकचकीत नळीच्या सत्काराला ये

चिरंजीव सोन्यास,

अक्काचे पोटभर आशीर्वाद. साठी उलटलेल्या माणसाला चिरंजीव म्हणावं का, असा प्रश्न तुझ्या बायकोने मागच्या पत्राच्या वेळी काढला होता म्हणे. तिला सांग, मी आहे तोवर तो चिरंजीवच. पुढचं पुढे बघा. गुडघा कसा आहे? दुकानाची पायरी चढताना अजून गिऱ्हाइकाच्या खांद्यावर हात टाकतोस का? आणि गोळ्या जेवणानंतर घ्यायच्या असतात, आठवण झाल्यानंतर नाही. माझं उत्तम आहे. एक दात हलतो; बाकी सगळं जागच्या जागी.

विशेष म्हणजे चिंगीच्या मोठ्या सरांनी तुला सत्काराला बोलावल्याचं कळलं. अभिनंदन! लेकीच्या प्रयोगशाळेला तू तुझ्या दुकानातली सगळ्यात चकचकीत स्टीलची नळी भेट दिलीस, वर स्वतःचं नाव कोरून दिलंस (तुझं नाव एवढं लांब आहे हे मला त्या दिवशी कळलं), आणि आता तपासणी समितीच्या पाहुण्यांसमोर तुला गुच्छ मिळणार. बहीण म्हणून माझी मान उंच झाली आहे. फक्त तू येण्याआधी इथे काय काय झालं ते तुला ठाऊक असलेलं बरं. कारण तूच चिंगीला बजावलं आहेस ना, की या खेपेला समितीपुढे तिची चकती चालली नाही तर डॉक्टरेट पुरे, घरी यायचं आणि दुकानाची बिलं करायची? पोरगी माझ्याकडे राहते. त्यामुळे तुझा तो दम रोज माझ्या टेबलावर येऊन बसतो आणि ती न जेवताच उठते.

आता ही चकती म्हणजे काय. तू गिऱ्हाइकांना 'रॉकेटचा भाग आहे' म्हणून सांगतोस, ते आधी बंद कर. चिनी मातीच्या जातीतली, बरणीच्या झाकणाएवढी ती चकती असते. तिच्या एका अंगाला निकेलचा लेप, दुसऱ्या अंगाला एका काळ्या भुकटीचा लेप. या लेपांना इलेक्ट्रोड म्हणायचं. भट्टीत आठशे अंशांवर ती ठेवली, निकेलकडून हायड्रोजन सोडला आणि काळ्या अंगाने हवा सोडली, की वीज मिळते. उलट आपण वीज पुरवली आणि वाफ सोडली, तर तीच चकती हायड्रोजन काढून देते. (म्हणजे देताही येतं आणि घेताही येतं. आपल्या घराण्यात असं कोणी झालं नाही.)

सगळी गंमत त्या काळ्या लेपात. तो चौघांचा एकत्र संसार आहे: लँथॅनम, स्ट्रॉन्शियम, कोबाल्ट आणि लोखंड. मी सातवीत शाळा सोडली हे खरं, पण चिंगी जे जे टेबलावर टाकून जाते ते मी भाजी निवडता निवडता वाचते, आणि माणसं काय नि धातू काय, स्वभाव कळायला डिग्री लागत नाही. लँथॅनम घरचा कर्ता. बोलत नाही, पण सगळे त्याच्यावर उभे. कोबाल्ट कामाला वाघ, पण तापला की नको तेवढा फुगतो आणि खालच्या चकतीशी त्याचं बिनसतं. मग त्याला आवरायला लोखंड जोडीला दिलेलं. आणि स्ट्रॉन्शियम? त्याचा पाय घरात ठरत नाही. जरा तापलं की निघाला बाहेर ओट्यावर. आत काम पडलंय, आणि हा पृष्ठभागावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघतोय. हे मी चिंगीला ऐकवलं तर म्हणाली, "आत्या, माझं पहिलं प्रकरण हेच आहे गं, फक्त साठ पानांत."

मोठ्या सरांबद्दल तू फार आदराने लिहितोस. मलाही आदर आहे. तो मी लांबून ठेवते. भट्टीपाशी ते फोटोपुरते येतात. चिंगीच्या प्रत्येक निबंधावर पहिलं नाव त्यांचं असतं, आणि चूक निघाली की ती मात्र चिंगीची एकटीची. मागे पाहुणे आले तेव्हा 'स्वच्छ ऊर्जा' असा भिंतभर फलक लावला होता. मी डबा द्यायला गेले होते म्हणून सगळं डोळ्यांनी पाहिलं. भट्टी पेटली की तिथली लिफ्ट बंद ठेवावी लागते, एवढी वीज ती खाते. पाहुणे चार जिने चढून, धापा टाकत वर आले आणि सरांनी त्यांना चकतीवर लागलेला करंगळीएवढा दिवा दाखवला. पाहुण्यांतल्या एका बाईंनी विचारलं, "आणि भट्टीला किती वीज लागते?" सर म्हणाले, "फार छान प्रश्न आहे. चला, चहा घेऊ."

तर त्या दिवशी सरांना लाज कशाची वाटली असेल? दिव्याची नाही, भट्टीची नाही. हवा आत नेणारी जी जुनी पांढरी नळी होती, चिनी मातीची, एका टोकाला टवका उडालेली, तिची. दुसऱ्याच आठवड्यात तुझी नळी आली. सरांनी ती स्वतः पुसली. (भट्टीवाले काका म्हणतात, सरांच्या हातात फडकं त्यांनी नोकरीत पहिल्यांदा पाहिलं.) चिंगी सरांच्या खोलीत जाऊन काहीतरी सांगून आली, पण सर म्हणाले, "अगं, दात्याच्या भावना असतात. शिवाय फोटोत काय उठून दिसते!" झालं. नळी बसली, फोटो निघाला, तुला पाठवलाही.

आणि चकती मरायला लागली. आधी दणक्यात चालली, मग रोज थोडी थोडी खाली. पोरगी घरी आली की आकडा सांगायची नाही. चपला कशा काढते त्यावरून मी ओळखायची. सरांनी निदान केलं: मुलीचा लेपच कच्चा. सगळ्यांदेखत म्हणाले, "वडिलांचा व्यवसाय आहे ना? मग काळजी कसली." ती हे ऐकून हसली म्हणे. घरी येऊन मात्र न्हाणीघरात बराच वेळ नळ सोडून बसली.

भट्टी थंड करून चकती काढली तर काळ्या लेपावर पिवळट पापुद्रा. म्हणजे काय, तर ओट्यावर बसलेल्या त्या स्ट्रॉन्शियमला शेवटी कोणीतरी भेटलं! क्रोमियम नावाचा एक गृहस्थ गरम हवेबरोबर वाफ होऊन आला, दोघांचं जमलं, आणि त्यांनी दारातच बिऱ्हाड थाटलं. हवेतल्या प्राणवायूला आत जायला वाट उरली नाही. लेप पक्काच होता. दार बंद झालं होतं. आता हा क्रोमियम आला कुठून, ते मी या पत्रात लिहीत नाही. तुझा रक्तदाब मला माहीत आहे.

सध्या दुसरी चकती चढवली आहे आणि ती अशी चालली आहे की भट्टीवाले काका तिची दृष्ट काढायच्या बेतात आहेत. चिंगी जेवते. काल मागून घेतलं. समिती पुढच्या सोमवारी आहे. तेव्हा ये, इस्त्रीचा शर्ट घालून ये, आणि गुच्छ घे.

तुझी,
दात हलत असला तरी चावू शकणारी अक्का

ता. क. — गोळी घेतलीस ना? मग वाच. क्रोमियम तुझ्या नळीतून आला. ज्याच्यामुळे तुझं स्टील गंजत नाही आणि ज्याची तू छाती ठोकून हमी देतोस, तोच तो. दुकानात तो गुणाचा आहे. तापलेल्या हवेत सुटला की काळ्या लेपाला विष. चिंगीने सरांना हेच सांगितलं होतं. तुला सांगितलं नाही, कारण, "बाबांनी एवढ्या हौसेने पाठवलीय आत्या, त्यांना नको कळवूस." मी तिला शब्द दिला होता. तो इथवर पाळला.

ता. क. — नळी आता भट्टीत नाही. भट्टीवाल्या काकांनी ती काढली, मी ती डब्याच्या पिशवीतून घरी आणली (अर्धी बाहेर आली होती, बसमध्ये लोकांनी जागा दिली). न्हाणीघरात टॉवेलची दांडी म्हणून अशी चपखल बसली आहे की मापानेच केल्यासारखी. काळवंडलेलं टोक दाराआड जातं आणि तुझं नाव बरोबर आरशासमोर येतं.

ता. क. — भट्टीत तिच्या जागी जुनी टवका उडालेली नळी परत बसवली आहे. चिंगीने तसं अहवालात स्वच्छ लिहून दिलंय; सरांनी सहीही केली आहे, म्हणजे वाचलेलं नाही. भट्टीबाहेर जो भाग दिसतो त्याला मी डब्याचं फॉइल गुंडाळलं आहे. सर गेल्या आठवड्यात एका पाहुण्यांना घेऊन तिच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "बघा, अस्सल स्टीलची झळाळीच वेगळी." तर माझी विनंती एवढीच: सोमवारी तुला तिच्यापाशी उभं करतील. स्टील आणि फॉइल यांतला फरक त्या खोलीत फक्त तुला कळेल. तू ओळखलंस आणि आवाज चढवलास, तर सर तुझ्या भावनांसाठी खरी नळी तिथल्या तिथे मागवतील, आणि ही चकतीही जाईल. तेव्हा नुसतं "वा!" म्हण. थोपटू नकोस. चुरगळते.

ता. क. — मी हे पत्र लिहीत असल्याचं चिंगीने पाहिलं. फार घाबरली, म्हणून मी तिला सांगून टाकलं की तुला सगळं फोनवर आधीच सांगितलंय आणि तू पोट धरून हसलास. तिने दोनदा विचारलं, "बाबा? खरंच हसले?" तेव्हा आता हस.