बोल्ट कुणी मारला

४ मार्च

ओग्न्येन आज पुन्हा तासभर सूर्यफुलाच्या बिया फोडत बसला. टरफलं पुढच्या रांगेत थुंकतो. म्हटलं, "सहकारी, बाहेर जा." विद्यार्थ्याला असंच म्हणायची आमची रीत. तो म्हणाला, "सहकारी, तुम्हीच जा की. ऊन छान पडलंय."

साठजणं हसली. मीही हसल्यासारखं केलं. त्याचीच जास्त लाज वाटतेय.

११ मार्च

भुवईला चार टाके.

फळ्यावर तुळईचं गणित लिहीत होते. मागे खसखस पिकली म्हणून वळले — आणि बोल्ट बसला. कार्यशाळेतला, अंगठ्याएवढा. डोळ्यात रक्त. सगळे बसलेले, उभा एकटा ओग्न्येन — माझ्यासारखा पाय ओढत चालून दाखवत होता. "मी नाही मारला." मग कुणी? साठच्या साठ वह्यांत बघू लागले.

देसांका तेवढी रुमाल घेऊन धावली. माझ्याकडे न बघता रक्त पुसत राहिली पोर. एक तरी माणूस आहे त्या वर्गात.

१२ मार्च

डीन म्हणाले, "झोर्काबाई, जुलैत तुमची फेरनेमणूक. पोरांचे अभिप्राय बघतात. पुरावा नसताना कशाला ओढवून घेता?" राकिया दारूचा पेला पुढे सरकवला. भिंतीवर फोडावासा वाटला. प्यायले.

२ एप्रिल

डोक्यात एकच — ओग्न्येनचं तोंड धरून फळ्यावर घासायचं. रक्त निघेपर्यंत. आई विचारते, जेवत का नाहीस. ताटातला बुरेक तसाच टाकून उठले.

१७ जून

तोंडी परीक्षा. टेबलावर सगळ्यांच्या गुणपुस्तिकांचा गठ्ठा. ओग्न्येन समोर बसला. उत्तरं बरोबर देत होता, तेच सहन होईना. माझ्या भुवईवरचा व्रण बघून गालात हसला — की मला तसं वाटलं?

"शेवटचं विचारते. कुणी मारला?"

"सांगणार नाही."

म्हणजे माहीत आहे! त्याची पुस्तिका उचलली आणि खिडकीबाहेर भिरकावली. तिसरा मजला. बेलग्रादला शिकताना म्हाताऱ्या प्राध्यापकाने माझी अशीच फेकली होती. लंगडत खाली उतरताना शपथ घेतली होती, मी कुणाशी असं वागणार नाही.

तो उठला, तसा फळ्यावर आखायचा लाकडी त्रिकोण घेऊन हाणला. एकदा नाही, तीनदा. कान फाटला. त्याने हात उचलला नाही.

बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

१८ जून

देसांका वर्गाच्या दाराशी आली. आत येईना. "बोल्ट मी मारला, बाई. ओग्न्येनला. तुमची नक्कल करत होता म्हणून. नेम चुकला. त्याने मला फेकताना बघितलं होतं. म्हणाला, तू तोंड उघडू नकोस, तुला काढून टाकतील."

पुस्तिका अजून खाली झुडपात पडली आहे, खिडकीतून दिसते. काल मी काय केलं ते सांगायला डीनकडे नंतर जाईन. आधी तीन मजले उतरायचे.