तेलाची बाटली

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, पण माझा राग काही गेलेला नाही. आज अकरावीच्या वर्गावर सेंद्रिय रसायनाचा पहिला धडा घेतला आणि तोंडातून तुमचीच वाक्यं निघाली, त्यानं आणखीच चिडले. शिकवावं तर तुम्हीच, हे नाकारता येत नाही. पुस्तक मिटून तुम्ही केळ्याचा वास कशानं येतो ते सांगायचात, गुळाचं पाणी आंबवून व्हिनेगर करून दाखवायचात, तेल आणि कॉस्टिक सोडा घोटून आमच्याकडून साबण करून घ्यायचात. एकदा बोटाला ऑइलपेंट फासूनच वर्गात आलात. पाण्यानं तो निघेना. मग थोडं गोडतेल चोळलंत आणि रंग सुटला. तेलकट पदार्थ तेलकटातच विरघळतो, म्हणालात. आम्ही ते वहीत चौकट करून लिहून घेतलं.

त्याच आठवड्यातला रविवार. पिंगळी गावाच्या पुढं तुमच्या कापसात माझे बाबा रोजानं फवारणी करतायत आणि मी त्यांना पाणी आणून देतेय. पंप गळका आहे, औषध पाठीवरून ओघळतंय, बादलीत तर ते हातानंच कालवतायत. तुम्ही बांधावर लिंबाखाली बसलेले. कातडी चुरचुरते, असं बाबा म्हणाले, तसं तुम्ही घरून आणलेली तेलाची बाटली पुढं केलीत.

"तेल चोपड अंगाला. मग औषध लागत न्हाई."

गावात सगळेच तसं करायचे, मला माहीत आहे. पण ती चौकट तुम्ही लिहून दिली होती, सर, गावानं नाही. ते औषधही तेलकटच होतं. तेलाबरोबर ते कातडीत मुरणार, हे तुम्हाला बांधावर का आठवलं नाही? का वर्गातलं शास्त्र वर्गातच ठेवायचं असतं, मजुराच्या पाठीसाठी ते नसतंच? तुम्ही तर विचारायची सोयही ठेवली नाहीत.

संध्याकाळी बाबा तोंडाला फेस येऊन पडले. दवाखान्यात तुम्ही मोसंबी घेऊन आलात, आणि ही माणसं काळजीच घेत नाहीत, असं माझ्यादेखत डॉक्टरांना सांगितलंत. बाबांनी खाटेवरून मान हलवली.

"सरांनी तर तेल दिलतं. माझंच कायतरी चुकलं असंल."

ते वाचले, पण हातांचा कंप राहिला. अजून त्यांच्या शर्टाची बटणं मी लावते.

हे पत्र टाकणार तरी कुठं? आणि तुम्ही असता तरी टाकलं असतं असं नाही. त्याच्या आदल्या शनिवारी चाचणीत त्या चौकटीवरचाच प्रश्न होता आणि तुम्ही मला पैकीच्या पैकी मार्क दिले होते. दुसऱ्या दिवशी शेतात पाठीवर बाबांचा हात पोचेना. तेल मी लावलं, सर, चांगलं जिरेपर्यंत चोळून.