अंगठी मी माझ्या हाताने दिली

मी, शिरीष वामन टिळेकर, वय बहात्तर, राहणार झूटरमेर, नेदरलँड्स, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. करोनाने फुप्फुसं पोखरली, डोकं शाबूत आहे; शंका असेल त्याने आमच्या डॉक्टरीणबाईंना विचारावं. नोटरीकडचं डच मृत्युपत्र झालेलं आहे, त्यातही हीच व्यवस्था आहे. हे मराठीत अशासाठी, की आशुतोष आणि प्रांजली ही माझी मुलं मला डचमध्ये उत्तरं देतात, पण मनाला लागतं त्यांना मराठीतलंच.

१. राहतं घर. माझ्यामागे शर्मिला देवधर हिने हयातभर या घरात राहावं. त्यानंतर घर दोन्ही मुलांचं, समसमान. तोवर ‘कधी हलणार’ असं तिला कोणी विचारू नये. शर्मिला लग्न होऊन नाशिकहून इथे आली, नवऱ्यापासून वेगळी झाली आणि लोकांची लहान मुलं सांभाळून स्वतःच्या पायावर उभी राहिली. माझी पत्नी निशिगंधा गेल्यावर चार वर्षांनी आमची ओळख झाली. आम्ही लग्न केलं नाही, कारण दोघांनाही ते एकदा करून पुरलं होतं.

२. माझं पुस्तक. इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड आणि त्याचं कुटुंब यांचं मराठी चरित्र मी कित्येक वर्षं लिहीत आलो. त्याची राणी फिलिपा इकडचीच, हॉलंडच्या काउंटची लेक. अठराव्या वर्षात आईच्या प्रियकराकडून सत्ता हिसकावणारा हा राजा. पण त्याची मुलगी जोन लग्नाला निघाली आणि वाटेत प्लेगने गेली, तेव्हा त्याला काहीच करता आलं नाही. निशिगंधा गेली आणि मी राणीच्या मृत्यूपाशी अडलो. पुढे शर्मिलाने कागद वाचले. म्हणाली, “राणी गेली, राजा आहे ना अजून? त्याचं काय झालं ते लिहा.”

पुढे होती ॲलिस, राजाच्या म्हातारपणीची सोबतीण. आशुतोषने ते प्रकरण गाळायला सांगितलं. लोक तुमच्याकडे बोट दाखवतील, म्हणाला. त्यानंतर बहीणभाऊ आपसात शर्मिलाला ‘ॲलिस’ म्हणू लागले. मला ऐकू येतं. पुस्तक छापायचं तर त्या प्रकरणासह. मुलांना ते पटत नसेल तर पुस्तकाचे सर्व हक्क शर्मिलाचे.

३. निशिगंधाचे दागिने सगळे प्रांजलीला. राजाने राणीचे दागिने ॲलिसला दिले. ते त्याचं चुकलं, असं मी लिहिलंही आहे. शर्मिलाने त्या डब्याला कधी हात लावलेला नाही.

४. माझी पुष्कराजाची अंगठी. डिसेंबरात मला इस्पितळात न्यायला गाडी आली, तेव्हा आशुतोष टिलबर्गहून फोनवर होता. स्पीकर चालू होता. तो डचमध्ये म्हणाला, “बाबा, आधी अंगठी काढून कुलपात ठेवा. घरात कोण आहे, माहीत आहे ना?” घरात शर्मिला होती. आपलं काम बंद ठेवून ती माझ्या खोकल्यात, तापात राहिली होती आणि त्या क्षणी माझ्या पायात मोजे चढवत होती. डच तिला माझ्यापेक्षा चांगलं येतं. ती एवढंच म्हणाली, “दुसरा पाय द्या.”

मरणाऱ्या राजाच्या बोटांतल्या अंगठ्या ॲलिसने ओढून काढल्या, असं एका मठातल्या साधूने लिहून ठेवलं. तो काही उशाशी नव्हता. ॲलिस लोभी होती, हे मी झाकलेलं नाही. पण सहाशे वर्षं लोक तेवढंच सांगतात. शर्मिलाबद्दल मी तसं सांगू देणार नाही. म्हणून ही अंगठी मी मेल्यावर देत नाही. आज, खाली सह्या करणाऱ्यांच्या देखत, मी ती माझ्या हाताने काढली. शर्मिला नको म्हणत होती.

“पुन्हा माझ्यावरच येईल.”

“म्हणूनच साक्षीदार बोलावलेत,” मी म्हणालो.

मग तिने हात पुढे केला.

५. अंत्यसंस्कार. माणसांवर मर्यादा असेल तर माझ्या ऑफिसातली मंडळी गाळावीत. शर्मिला पहिल्या ओळीत बसेल. ‘बाबांना सांभाळणाऱ्या बाई’ अशी तिची ओळख कोणी करून देऊ नये. मुलांनी तिच्या शेजारी बसावं, अशी माझी इच्छा आहे. जमत नसेल, तर त्यांनी मागे बसावं.

लिहिलेलं सगळं पुन्हा वाचलं. एक शब्दही खोडायचा नाही.

(सही) शिरीष वामन टिळेकर

साक्षीदार:
(सही) सुरेखा आगटे, स्नेही
(सही) हेंक फान दर वेल, शेजारी. यांना मराठी वाचता येत नाही. जे घडलं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

झूटरमेर, २१ मार्च २०२१