पिवळा टॅग

प्रिय वर्षाली,

हे पत्र शेजारची आम्रपाली लिहितेय. मी बोलते तेच लिही, तुझी अक्कल मध्ये घालू नकोस, असं तिला बजावलंय. ती हसतेय, तेही लिहायला लावलंय. दिघीच्या वृद्धाश्रमाचा तू पाठवलेला फॉर्म मिळाला. आजोबांना तिथे ठेवावं म्हणतेस, ते माझ्या कंबरेच्या काळजीपोटी, हे कळतं गं. फॉर्म टीव्हीवर ठेवलाय. त्यावर अंगठा उठवायचं मागाहून बघू, आधी बातमी ऐक.

आजोबांच्या मेंदूचे फोटो काढले. कंपवातात आता विसरही शिरलाय ना, तशा माणसांचा डॉक्टर लोक अभ्यास करतायत. एका फोटोत सूज कुठे ते दिसतं, दुसऱ्यात मेंदूतल्या पांढऱ्या तारा. दापोडीच्या पुलावरून मालगाडी जावी तसं ते मशीन धडधडतं, आणि आत अजिबात हलायचं नाही! ज्यांचा चहा कपापेक्षा बशीत जास्त, त्यांना? मग मी कानात सांगितलं, कंपनीचे साहेब लाइन बघायला आलेत. ओंडक्यासारखे पडून राहिले. पन्नास वर्षांत माझं एवढं कधी ऐकलं नव्हतं.

फोटो दाखवताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तारांवरचं आवरण झिजलंय, मध्ये मध्ये सूज आहे. भोसरीच्या कंपनीत यांनी तीस वर्षं गाड्यांचं वायरिंग तपासलं, आठवतं ना? लाल टॅग लागला की माल भंगारात, पिवळा लागला की दुरुस्तीला. तू दात पाडून आलीस, तेव्हा तुझ्या वेणीलाही पिवळाच बांधला होता. आदल्या दिवशी मला, बाई तुम्ही कोण, असं विचारणारा हा माणूस पडद्यापाशी वाकला. थरथरत्या बोटाने एक तार शेवटपर्यंत तपासली आणि म्हणाला, लाल लावू नका, पिवळा लावा. बाई गोंधळल्या. मी समजावलं, तेव्हा म्हणाल्या, आजी, दुरुस्ती आम्हाला अजून येत नाही, म्हणून तर बघतोय.

तेच सांगायला हे पत्र. फॉर्म सोबत परत पाठवतेय. कंबर दुखते, खोटं कशाला बोलू. दुपारपुरती एखादी बाई बघून दे, फक्त तिच्या भाकरी माझ्यापेक्षा गोल नकोत. मला अक्षरं येत नाहीत, पण यांच्या संसारात रंग तेवढे शिकले. अंगठ्याच्या जागी यांच्या पेटीतला पिवळा टॅग टाचलाय.

तुझीच,
अजून शिफ्टवर असलेली आजी