शार्कने नेलेला मासा

तीर्थरूप ताईस,

पाठच्या भावाचा दंडवत. मी ठणठणीत आहे, दोन्ही वेळ पोटभर जेवतो. भाचीचा पाय बरा झाला का?

परवा एका दमात खोल बुडी मारून मी भाल्याने मोठा मासा टिपला. जोडीदार वर राखणीला होता. तेवढ्यात शार्क आला. अशा वेळी मासा सोडून द्यायचा, हा आमचा पहिला नियम. जोडीदाराने कमरेला वजनासाठी बांधलेले शिशाचे दोन तुकडे पाण्यात एकमेकांवर आपटून इशारा दिला. मला तो स्वच्छ ऐकू आला, ताई. पण हाती आलेलं सोडायचा माझा स्वभाव नाही, तुला ठाऊकच आहे. मी भाल्याला बांधलेला दोर ओढतच राहिलो.

शेवटी जोडीदारच खाली आला आणि सुरीने दोर कापू लागला. शार्कने मासा नेला, आणि जाता जाता त्याची दोन बोटंही.

दवाखान्यात मलाच म्हणाला, "रडतोस काय, गड्या! दोन नखं कापायची वाचली."

सगळ्यांना मी सांगितलंय की इशारा ऐकूच आला नाही. त्यानेही ते खरं मानलंय.

उद्या त्याची आई येते आहे. तिच्यासमोर खरं तोंडातून निघेल की नाही याची खात्री नाही, म्हणून आधी तुला लिहून पाहिलं.

मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा