डाव्या किनाऱ्याचं रसग्रहण

प्रिय बाबा,

हे पत्र ज्यांनी तुमच्या हातात ठेवलं त्यांच्यावर रागावू नका, त्यांनी फक्त मला दिलेला शब्द पाळला. आधी बाकावर बसा. उभ्याउभ्या नजर फिरवून खिशात कोंबायचं हे पत्र नाही. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे. तुमचा डावा डोळा जातो आहे, बाबा. आणि तो जात असताना मी त्याचं रसग्रहण करत बसले होते.

मी चौथीत असल्यापासून आपण दोघं सुट्टीच्या दिवशी सिनेमाला जायचो आणि परत चालत यायचो. आई म्हणायची, अख्ख्या गावाला बसमधून फिरवतो आणि स्वतःच्या लेकीला पायी आणतो. पण तुम्हाला वाटेत बोलायचं असायचं. सिनेमातल्या त्या म्हाताऱ्यानं शेवटी छत्री पाण्यात का टाकली, असं तुम्ही विचारायचात. मी म्हणायचे, फाटली असेल. त्यावर तुम्ही म्हणायचात, अगं, तो किती चिक्कू आहे ते बघितलंस ना? फाटली असती तर त्यानं शिवून वापरली असती. आधी माणूस ओळख, मग त्याच्या हातातली वस्तू बघ. पुढे एम.ए.च्या दोन वर्षांत प्रतीक, आशय, पात्ररचना यांवर मी जाडजूड पुस्तकं वाचली, पण याहून शहाणं वाक्य मला कुठे सापडलं नाही. आपल्या घरातली पहिली पदवीधर म्हणून तुम्ही माझा फोटो डेपोच्या कॅन्टीनमध्ये सगळ्यांना दाखवलात. आणि मी पहिल्याच खऱ्या परीक्षेत माणूस ओळखायला विसरले.

तीन महिन्यांपूर्वी तुमची नवी कथा टपालानं आली. जुन्या ड्युटीफॉर्मच्या पाठीवर, नेहमीसारखीच एकही खोडाखोड नसलेली. एक नावाडी रोज माणसं पलीकडे नेतो. भर दुपारी त्याला काजवे चमकताना दिसतात. आभाळात काळे धागे तरंगतात, बघायला जावं तर बाजूला सरकतात. मी आनंदानं नाचायचीच बाकी होते. तुम्हाला चार पानी उत्तर धाडलं: काजवे म्हणजे आशा, धागे म्हणजे सुटलेली नाती, फक्त शेवट जरा कच्चा आहे. महिन्याभरानं सुधारलेली प्रत आली. आता डावीकडून एक काळा पडदा सरकत होता, आधी किनाऱ्यावरची झाडं गेली, मग घाटाच्या पायऱ्या. समासात तुम्ही लिहिलं होतं, ‘आता बघ बरं, कळतंय का?’ मी त्याखाली लाल शाईनं लिहिलं, ‘फार उघड करू नका. संदिग्धता टिकवा.’ देवा रे. तिसऱ्या प्रतीत नावाडी डावीकडे बसलेल्या बाईला विचारतो, काठावर कोणी उभं आहे का गं? मी लिहिलं, हा प्रश्न तो साऱ्या मानवजातीला विचारतो आहे.

बाबा, तुम्ही आयुष्यात कधी अलंकारिक बोलला नाहीत. रस्त्यात खड्डा असेल तर खड्डा आहे म्हणता. अशा माणसानं पडदा आहे म्हटल्यावर पडदा कसला, हे विचारायला मला कुठलं पुस्तक आडवं आलं?

गेल्या रविवारी आमच्या अभ्यासमंडळात मी तुमची कथा वाचली आणि तिच्यावर चाळीस मिनिटं बोलले. टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत एक सिस्टर बसतात, डोळ्यांच्या दवाखान्यात काम करून येतात, सहसा तोंड उघडत नाहीत. त्यांनी हात वर केला. म्हणाल्या, ताई, हे लिहिणारे गृहस्थ गाडीबिडी चालवतात का हो? मी अभिमानानं सांगितलं, बस चालवतात, एकतीस वर्षं झाली, एकही अपघात नाही. कोणी तरी हसून म्हणालं, म्हणूनच नावाडी! सिस्टर हसल्या नाहीत. म्हणाल्या, चमका, काळे धागे, मग एका बाजूनं पडदा. आमच्याकडे अशी माणसं येतात. डोळ्याच्या आतला पडदा सुटतो. लवकर आली तर बरीचशी नजर वाचते. बाकीच्यांना आम्ही खुर्चीपर्यंत हाताला धरून नेतो.

मी तिथूनच तुम्हाला फोन केला. तुम्ही काय म्हणालात ते शब्दन् शब्द माझ्या कानात आहे. ‘मास्तरीणबाई, कथेत लेखकाला शोधायचं नसतं, हे तूच मला शिकवलंस ना?’ आणि हसलात. मी रडायला लागले तेव्हा आवाज खाली आणून म्हणालात, रिटायर व्हायला आठ महिने राहिलेत गं, तेवढी गाडी कडेला लागू दे. त्यानंतर तीन दिवस माझा फोन उचलला नाहीत. मग आईला विचारलं. ती बिचारी सांगत होती, डावा आरसा दुसऱ्यांदा फुटला, फांदी लागली म्हणतात. चालताना मला उजवीकडेच ठेवतात. कंडक्टर थट्टा करतो, म्हणतो, वहिनी, साहेब हल्ली प्रत्येक स्टॉपला विचारतात, डावीकडे कोणी राहिलं का? तिला त्यातलं काहीच कळलेलं नाही. ती म्हणाली, वय झालं गं, माणूस जास्त काळजी घ्यायला लागतो.

मी रागावले आहे, तुमच्यावर आणि त्याहून जास्त स्वतःवर. तुम्हाला सरळ सांगता आलं नाही. बायकोला सांगितलं तर ती घाबरेल, डेपोत सांगितलं तर गाडी जाईल. म्हणून जिला वाचता येतं असं तुम्हाला वाटलं, तिला तुम्ही तीन तीनदा लिहून कळवलंत. आणि तिनं तुम्हाला शेवट सुधारायला सांगितलं. पण तुमच्या कथेत नावेतलं एकही माणूस बुडत नाही, बाबा. तिथे ते तुमच्या हातात आहे. सकाळच्या गाडीत पंचावन्न माणसं बसतात, डावीकडच्या पायरीवर एक पाय टाकून चढतात, आणि त्यांना वाटतं, चालवणाऱ्याला आपण दिसतोय. तुम्ही माझ्यावर ठेवलात तसाच ते तुमच्यावर डोळे मिटून भरवसा ठेवतात. गेले तीन दिवस तुमची गाडी सुटायच्या वेळी मी घड्याळाचे काटे बघत बसते आणि ती पोचायच्या वेळेपर्यंत जागची उठत नाही.

म्हणून काल मी डेपोत आले होते. तुमची ड्युटी संपल्यावर, तुम्हाला दिसू नये अशा बेतानं. मॅनेजरसाहेबांनी तुमची मुलगी म्हणून खुर्ची दिली, पाणी दिलं, लग्नाचं आमंत्रण द्यायला आलीस का म्हणून विचारलं. मी त्यांच्यापुढे अर्ज ठेवला. माझ्या वडिलांना डाव्या बाजूचं दिसत नाही, तपासणी होईपर्यंत त्यांना गाडी देऊ नये, खाली माझी सही. त्यांनी तो दोनदा वाचला. मग म्हणाले, पोरी, तो पुन्हा तुझं तोंड बघणार नाही. मी म्हटलं, बघता यावं म्हणूनच आले आहे. आज पहाटे काउंटरवर गाडीची चावी न मिळता हे पत्र मिळालं, ते त्यामुळे. ही चहाडी माझीच आहे, दुसऱ्या कोणावर संशय घेऊ नका. आता वाद घालू नका, चहासुद्धा घेऊ नका, ऑपरेशन आजच करावं लागलं तर पोट रिकामं हवं असं सिस्टरनी बजावलं आहे. त्या आठ वाजता दवाखान्याच्या दारात थांबणार आहेत. मला काय म्हणायचं ते तिथून आल्यावर म्हणा, हवं तर जन्मभर म्हणा. फाटकातून बाहेर पडलात की मी तुमच्या डाव्या हाताला उभी असेन. दिसणार नाही मी तुम्हाला. मान वळवा, बाबा.

तुमचीच,
लेक